तुटपुंज्या माहितीवर शार्कच्या लहान मासेमारीचे मूल्यमापन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शार्कच्या लहान मासेमारीविषयी माहिती इतकी कमी का असते?

लहान होड्या एकाच मोठ्या बंदरात माल उतरवत नाहीत. त्या किनाऱ्यावरच्या अनेक ठिकाणी, वेगवेगळ्या वेळी लागतात, आणि शार्क हा बहुतेकदा त्यांच्या पकडीतला एक भागच असतो. एकाच होडीवर हंगामानुसार जाळी बदलतात, कधी गळ वापरले जातात, आणि काही शार्क समुद्रातच डोके व आतडी काढून आणले जातात. नोंदवहीत हे सगळे ‘शार्क’ अशा एकाच ओळीत येते आणि पुष्कळदा पाकटही त्याच ओळीत मिसळलेले असतात. मोठ्या व्यापारी मासेमारीचे मूल्यमापन करताना अनेक दशकांच्या पकडीची मालिका, वयाच्या नोंदी आणि संशोधन-जहाजांचे सर्वेक्षण हाताशी असते. येथे त्यांपैकी बहुधा काहीच नसते. तरीही माहिती कमी असणे म्हणजे माहिती मुळीच नसणे नव्हे. उतरणाऱ्या मालाची काळजीपूर्वक मोजणी केली, तर एका वर्षात उपयोगी निष्कर्षापर्यंत पोहोचता येते.

मासेमारीचे ‘आरोग्य’ म्हणजे नेमके काय तपासायचे?

येथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले जातात. समुद्रात किती शार्क उरले आहेत, हा पहिला; आणि आज चालू असलेला मासेमारीचा दबाव त्या जातीला पेलणारा आहे का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर तुटपुंज्या माहितीवर क्वचितच देता येते. दुसऱ्याचे बऱ्याच अंशी देता येते, कारण मरणाचे प्रमाण वाढले की त्याची खूण पकडलेल्या माशांच्या लांबीत उमटते. ज्या अहवालाची सुरुवात ‘एकूण साठा इतके टन’ अशी होते आणि ज्याच्यामागे दोन वर्षांच्याच नोंदी असतात, त्याकडे संशयाने पाहावे. ‘मोठ्या मादी अजून शिल्लक आहेत का, आणि त्यांची जागा घेणाऱ्या तरुण मादी त्या वयापर्यंत पोहोचत आहेत का’ हा प्रश्न साधा दिसतो, परंतु व्यवस्थापनासाठी तोच अधिक उपयोगी आहे.

इतर माशांसाठी वापरतात त्याच कसोट्या शार्कला का लावू नयेत?

हाडी माशांच्या अनेक जातींची मादी एका हंगामात लाखो अंडी सोडते. त्यांतली किती जगतील हे बरेचसे समुद्राच्या परिस्थितीवर ठरते, त्यामुळे मादींची संख्या पुष्कळ घटली तरी एखाद्या अनुकूल वर्षात साठा सावरू शकतो. शार्कमध्ये ही मुभा नाही. पुष्कळ जातींची मादी अनेक वर्षांनी प्रजननक्षम होते, तिचा गर्भकाळ कित्येकदा वर्षभराचा असतो आणि एका वेतात मोजकी पिल्ले होतात. काटेरी डॉगफिश या लहान शार्कचा गर्भकाळ तर 18 ते 24 महिन्यांचा असतो. काही जातींच्या मादी दर वर्षी विततही नाहीत. परिणामी पिल्लांची संख्या जवळजवळ थेट मादींच्या संख्येवर अवलंबून राहते.

या मंदगतीचे परिणाम जगभर दिसतात. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यात शार्क, पाकट आणि त्यांच्या नातलगांच्या 1,199 जाती तपासल्या गेल्या. त्यांपैकी 391 जाती धोक्यात असल्याचे आढळले, आणि मुख्य कारण अतिमासेमारी हेच होते. मात्र सगळ्या शार्क जाती सारख्याच नाजूक असतात असे मानणेही चुकीचे आहे. लवकर वयात येणाऱ्या आणि दर वर्षी वितणाऱ्या लहान जाती मध्यम दबाव सोसू शकतात. त्यामुळे ‘शार्कची मासेमारी टिकाऊ असू शकते का’ या प्रश्नाला जात कोणती ते विचारल्याशिवाय उत्तर नाही.

नोंदींची सुरुवात कशापासून करावी?

जात, लिंग, लांबी, प्रजननावस्था आणि मासेमारीचा प्रयत्न या पाच गोष्टींपासून. वजनाचा मोह टाळावा. एका ढिगाचे वजन करण्याऐवजी त्या ढिगातल्या वीस माशांची लांबी आणि लिंग नोंदवणे कितीतरी अधिक सांगून जाते.

जातीची ओळख हा सर्वांत कच्चा दुवा असतो. राखाडी रंगाच्या अनेक जाती एकमेकींसारख्या दिसतात, म्हणून प्रत्येक नमुन्याचे पट्टीसह छायाचित्र घ्यावे आणि शंका असल्यास कल्ल्याजवळचा किंवा पराचा लहान तुकडा डीएनए तपासणीसाठी मद्यार्कात जपून ठेवावा. लांबी कोणती हेही आधी ठरवावे. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंतची एकूण लांबी आणि नाकापासून शेपटीच्या खाचेपर्यंतची लांबी यांत पुष्कळ फरक असतो, आणि दोन नोंदणीकारांनी दोन पद्धती वापरल्या की सगळी मालिका वाया जाते. माशाचे डोके आधीच कापलेले असेल तर दोन पृष्ठपरांमधले अंतर मोजून, अखंड माशांवरून काढलेल्या सूत्राने पूर्ण लांबीचा अंदाज बांधता येतो. पाकटांची लांबी मोजण्यात अर्थ नसतो, कारण शेपट्या तुटतात. त्यांच्या अंगाची रुंदी घ्यावी.

लिंग बाहेरूनच ओळखता येते, कारण नराच्या पोटाकडच्या परांना क्लास्पर नावाचे दोन दांडे असतात. ते लांब आणि कडक झाले असतील तर नर प्रौढ समजावा, आखूड आणि लवचीक असतील तर अप्रौढ. मादीसाठी पोट उघडावे लागते. त्यामुळे माल साफ होतो त्या वेळी तेथे उभे राहून अंडी, गर्भ आणि गर्भाची लांबी नोंदवण्याची परवानगी मिळवणे हे नोंदणीकाराचे मोठे काम असते, आणि ती परवानगी ओळखीवर व विश्वासावर मिळते. नवजात पिल्लांच्या पोटावर, पुढच्या परांच्या मधोमध, नाळेची ताजी खूण दिसते. अशी पिल्ले ज्या महिन्यांत आणि ज्या जागी वारंवार येतात तो भाग जन्मस्थान असण्याची शक्यता मोठी असते, आणि ही माहिती नोंदवायला खर्च काहीच येत नाही.

प्रयत्नाच्या नोंदीत केवळ ‘एक फेरी’ असे लिहू नये. जाळ्याची लांबी, आसाचा (जाळ्याच्या भोकाचा) आकार, गळांची संख्या आणि ते पाण्यात किती तास होते, हे लिहावे. एकही शार्क न मिळालेली फेरीही नोंदवावी. ती बहुतेक वेळा गाळली जाते, आणि मग सगळी आकडेवारी वास्तवापेक्षा उजळ दिसते.

केवळ लांबीवरून मरणाचे प्रमाण कसे काढता येते?

मासेमारी वाढली की मासे मोठे होण्याआधीच मरतात आणि पकडीतली सरासरी लांबी घटते, या निरीक्षणावर मत्स्यशास्त्रज्ञ बेव्हर्टन आणि होल्ट यांनी 1950 च्या दशकात एक सूत्र मांडले. ज्या लांबीपासून जाळे माशांना पूर्णपणे पकडू लागते तिला पकड-लांबी म्हणू. जाती सरासरीने ज्या कमाल लांबीपर्यंत वाढते ती घ्यावी, तिच्यातून पकड-लांबीच्या वरच्या माशांची सरासरी लांबी वजा करावी. आलेल्या संख्येला त्या सरासरीतून पकड-लांबी वजा करून मिळणाऱ्या संख्येने भागावे आणि वाढीच्या दराने, म्हणजे जाती कमाल लांबीकडे किती वेगाने सरकते त्या दराने, गुणावे. उत्तर म्हणजे एकूण मरणदर.

काल्पनिक उदाहरण घेऊ. कमाल लांबी 150 सेंटिमीटर, वाढीचा दर वर्षाला 0.2, पकड-लांबी 70 सेंटिमीटर आणि सरासरी लांबी 90 सेंटिमीटर असेल, तर एकूण मरणदर 0.6 येतो. नैसर्गिक मरणदर 0.25 असेल, तर उरलेला 0.35 हा मासेमारीचा वाटा, म्हणजे निसर्गापेक्षा मासेमारीच अधिक मारत आहे. आता सरासरी 90 ऐवजी 100 धरली तर एकूण मरणदर 0.33 वर उतरतो आणि मासेमारीचा वाटा अगदी किरकोळ वाटू लागतो. दहा सेंटिमीटरच्या फरकाने निष्कर्ष उलटतो, आणि एवढा फरक एखाद्या महिन्यात मोठ्या मादींचा थवा किनाऱ्याजवळ आल्यानेही पडू शकतो. म्हणूनच वर्षभरातल्या सर्व हंगामांचे नमुने लागतात, नर व मादी यांचा हिशेब वेगळा करावा लागतो आणि प्रत्येक जातीची निदान काहीशे मापे जमेपर्यंत निष्कर्ष जाहीर करण्याची घाई करू नये.

प्रजनन-गुणोत्तर म्हणजे काय, आणि ते किती असावे?

मासेमारी नसती तर एका मादीने आयुष्यभरात सरासरी जितकी पिल्ले दिली असती, त्यांच्या किती टक्के पिल्ले ती आजच्या परिस्थितीत देऊ शकते, हे दाखवणाऱ्या आकड्याला येथे प्रजनन-गुणोत्तर म्हटले आहे. पकडीतल्या लांबीचे वितरण, प्रजननक्षम होण्याची लांबी, कमाल लांबी, आणि नैसर्गिक मरणदराचे वाढीच्या दराशी असलेले प्रमाण एवढ्यावर ते काढता येते. त्यासाठी तयार संगणकीय साधने मोफत उपलब्ध आहेत. मासेमारीचा इतिहास माहीत नसला तरी चालते, म्हणून ही पद्धत लहान मासेमारीत लोकप्रिय झाली आहे.

खरी चूक मर्यादा ठरवताना होते. अनेक हाडी माशांसाठी 20 टक्के ही धोक्याची आणि 40 टक्के ही समाधानाची पातळी मानण्याचा प्रघात आहे, आणि तीच पट्टी शार्कला लावली जाते. आवश्यक गुणोत्तर त्या जातीच्या उत्पादनक्षमतेवर ठरते. साठा विरळ असताना आणि मासेमारी नसताना एक मादी आयुष्यभरात स्वतःच्या जागी किती मादी उभ्या करू शकते, ही संख्या घ्यावी. एका प्रचलित गृहीतकानुसार, साठ्याला कमाल अतिरिक्त पुनरुत्पादन (स्वतःची जागा भरून उरणारी पिल्ले) टिकवण्यासाठी लागणारे गुणोत्तर म्हणजे त्या संख्येच्या वर्गमुळाने एकाला भागून येणारा अपूर्णांक. ही संख्या 25 असेल तर 20 टक्के पुरतात. चार असेल तर 50 टक्के लागतात. दोनच असेल तर सुमारे 71 टक्के लागतात, आणि मंदगती शार्क या खालच्या टोकाजवळ असतात. म्हणजे ‘40 टक्के आहे, ठीक आहे’ असा शेरा एखाद्या मोठ्या शार्कविषयी लिहिला गेला, तर तो ऱ्हासावरच शिक्कामोर्तब करणारा ठरू शकतो.

जाळ्यात फक्त लहान शार्क येतात. याचा अर्थ मोठे संपले असा होतो का?

तसा होऊ शकतो, पण तेवढ्यावरून होत नाही. गिलनेटचा आस ठरावीक जाडीच्याच माशाला अडकवतो. त्याहून लहान मासा निसटतो आणि फार मोठा मासा डोके आत न शिरल्याने धडकून परत जातो. अशा जाळ्याच्या पकडीत मोठे शार्क दिसत नाहीत, पण समुद्रात ते असू शकतात. लांबीवर आधारलेल्या नेहमीच्या पद्धती मात्र ‘एका लांबीनंतर सगळेच मासे सारखे पकडले जातात’ असे गृहीत धरतात, आणि त्यामुळे येथे मासेमारीचा दबाव वास्तवापेक्षा जास्त दाखवतात. यावर उपाय म्हणजे वेगवेगळ्या आसांच्या जाळ्यांतील आणि गळांवरील पकड शेजारी शेजारी ठेवून पाहणे. गळांनाही मोठ्या मादी मिळत नसतील, तर काळजीचे कारण आहे.

या प्रश्नात एक व्यवस्थापकीय संधीही दडलेली आहे. ‘प्रत्येक माशाला निदान एकदा वितू द्यावे’ हा नियम शार्कसाठी नेहमीच सर्वोत्तम नसतो. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर गमी शार्कची गिलनेटने मासेमारी होते. तेथे आसाचा आकार सुमारे 6 ते 6.5 इंचांच्या दरम्यान ठेवला आहे, जेणेकरून मध्यम वयाचे काही वर्गच पकडले जातील आणि त्या टप्प्यातून सुटलेल्या मोठ्या मादी पुढे अनेक वर्षे वितत राहतील. गमी शार्कचा साठा या पद्धतीने टिकला आहे. त्याच मासेमारीत सापडणारा स्कूल शार्क मात्र उशिरा वयात येतो, कित्येक दशके जगतो, आणि त्याचा साठा खालावला. जाळे तेच आणि पाणीही तेच, तरी दोन जातींचे निकाल वेगळे आले. तरुणांची मासेमारी तेव्हाच पेलते जेव्हा ती मोजक्याच वयांपुरती आणि मर्यादित असते, आणि प्रौढ मादींना दुसऱ्या कोणत्याही साधनाचा उपद्रव नसतो.

शिवाय काही जातींना आसाचा नियम लागूच पडत नाही. हातोडी शार्कची पिल्लेसुद्धा रुंद डोक्यामुळे मोठ्या आसात अडकतात, आणि करवत माशाची करवत कुठल्याही जाळ्यात गुंतते.

वय माहीत नसेल तर नैसर्गिक मरणदर कुठून आणायचा?

बहुधा कमाल आयुर्मानावरून. जाती जितकी दीर्घायुषी, तितका तिचा वार्षिक नैसर्गिक मरणदर कमी, या संबंधावर आधारलेल्या प्रचलित समीकरणांपैकी एकानुसार 20 वर्षे जगणाऱ्या माशासाठी तो सुमारे 0.31 येतो आणि 30 वर्षे जगणाऱ्यासाठी सुमारे 0.22.

शार्कचे वय मणक्यांवरील कड्यांवरून मोजतात. अडचण अशी, की वाढ थांबत आल्यावर अनेक जातींत नवी कडी उमटतच नाहीत, म्हणून वृद्ध मासा आहे त्यापेक्षा तरुण समजला जातो. या चुकीची दिशा ओळखून ठेवावी : आयुर्मान कमी धरले की नैसर्गिक मरणदर जास्त येतो, मासेमारीचा वाटा कमी दिसतो आणि जाती आहे त्यापेक्षा सोशिक वाटते. म्हणजे ही चूक नेहमी आश्वासक बाजूलाच झुकते. ग्रीनलँड शार्कच्या मणक्यांवर तर उपयोगी कडीच नसतात. 2016 साली त्याच्या डोळ्याच्या भिंगातील किरणोत्सारी कार्बनवरून अंदाज बांधला गेला आणि सर्वांत मोठ्या मादीचे वय निदान 272 वर्षे निघाले.

म्हणून मरणदरासाठी एकच आकडा न घेता शक्य त्या कमाल-किमान मर्यादा घ्याव्यात, आणि निष्कर्ष दोन्ही टोकांना टिकतो का ते पाहावे.

पकड घटली म्हणजे साठा घटला, असे म्हणता येईल का?

एकट्या पकडीवरून नाही. भाव पडला, इंधन महागले, नियम बदलले किंवा मच्छीमार दुसऱ्या मासळीकडे वळले तरी पकड घटते. उलट, एकूण पकड स्थिर राहूनही साठा कोसळत असू शकतो, कारण मोठ्या जाती संपत जातात आणि त्यांची जागा लहान जाती घेतात. ‘शार्क’ ही एकच ओळ पाहणाऱ्याला काहीच बदलल्यासारखे वाटत नाही. जागतिक पातळीवर शार्क आणि पाकटांची नोंदलेली पकड 2003 च्या सुमारास शिखरावर होती आणि पुढील दशकात सुमारे 20 टक्क्यांनी घसरली. अभ्यासकांनी या घसरणीचे श्रेय सुधारलेल्या व्यवस्थापनाला न देता मासेमारीच्या दबावाला दिले.

प्रयत्नामागे मिळणारी पकड हा अधिक चांगला निर्देशक आहे, पण इंजिन बदलले, जाळी लांब झाली आणि उपग्रहावरून जागा शोधता येऊ लागली, की एका ‘फेरी’चे सामर्थ्य वाढते. शार्क ठरावीक जागी जमत असतील, तर शेवटचे थवे उरेपर्यंत पकड चांगलीच दिसते.

जीवशास्त्रीय माहितीही नसेल तर?

तर जातींची जोखीम-क्रमवारी लावावी. उत्पादनक्षमता आणि मासेमारीला बळी पडण्याची शक्यता या दोन अंगांना 1 ते 3 गुण दिले जातात, आणि माहिती नसलेल्या घटकाला सर्वाधिक जोखमीचे गुण मिळतात. ही क्रमवारी साठ्याची स्थिती सांगत नाही. कोणत्या जातींकडे आधी पाहायचे एवढेच ती सांगते, आणि तेवढ्यासाठीच तिचा वापर करावा.

मच्छीमारांच्या आठवणींना पुरावा मानावे का?

मानावे, परंतु पद्धतशीरपणे विचारून. ‘पूर्वी जास्त मिळायचे का’ असे विचारले की ‘हो’ हेच उत्तर येते. त्याऐवजी पकडलेला सर्वांत मोठा शार्क कोणत्या वर्षी, कुठे आणि कोणत्या साधनाने मिळाला, कोणती जात शेवटची केव्हा पाहिली, हे विचारावे आणि उत्तरे वयोगटांनुसार मांडावीत. तरुणांना जे नेहमीचे वाटते ते वृद्धांच्या दृष्टीने ऱ्हासाचे अवशेष असतात. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी 1995 साली या सरकत्या आधाररेषेकडे लक्ष वेधले होते. करवत माशासारख्या जातींविषयी अनेक किनाऱ्यांवर वृद्धांची आठवण हाच काय तो पुरावा उरला आहे, आणि नोंदवह्या सुरू होण्यापूर्वीच त्या जाती संपत आल्या होत्या.

पाण्याखालचे कॅमेरे आणि जनुकीय पद्धती लहान मासेमारीला परवडतात का?

आमिष लावलेले कॅमेरे परवडू शकतात आणि त्यांना मासेमारीच्या आकड्यांची गरज नसते. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक सर्वेक्षणात 58 देशांतील 371 प्रवाळ-खडकांवर असे कॅमेरे लावले गेले आणि सुमारे एक पंचमांश खडकांवर एकही शार्क दिसला नाही. गढूळ पाण्यात मात्र ते कुचकामी ठरतात.

जनुकीय नातेसंबंधांवरून प्रौढांची संख्या काढण्याची पद्धत अधिक महत्त्वाची आहे. नमुन्यांत भावंडांच्या किंवा पालक-पिल्लांच्या जोड्या किती सापडतात यावरून पालकांची संख्या किती असावी हे ठरते. प्रौढ मोजके असतील तर जोड्या वारंवार सापडतात. 2018 साली पूर्व ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या पांढऱ्या शार्कच्या साठ्यात सुमारे 750 प्रौढ असल्याचा अंदाज याच पद्धतीने निघाला. प्रयोगशाळेचा खर्च आज मोठा आहे, परंतु ऊतींचे तुकडे आतापासून जपून ठेवण्याचा खर्च नगण्य आहे.

वेगवेगळ्या पद्धतींनी परस्परविरोधी उत्तरे दिली तर निर्णय कसा घ्यावा?

सरासरी काढून नव्हे. आधी प्रत्येक पद्धतीचे कोणते गृहीतक मोडले असावे ते तपासावे, आणि बहुतेकदा विरोध तेथेच सुटतो. तरीही तो उरला, तर कोणती चूक अधिक महाग पडेल ते पाहावे : विनाकारण लादलेली मर्यादा पुढच्या वर्षी शिथिल करता येते, पण वीस वर्षांत वाढलेली मादी परत आणता येत नाही. अर्थात मर्यादेचा भार मच्छीमारांच्या घरांवर पडतो, म्हणून सरसकट बंदीपूर्वी नेमके उपाय पाहावेत. जन्मस्थानांचा हंगामी विराम, जाळे पाण्यात ठेवण्याचे तास कमी करणे, मोठ्या मादींसाठी कमाल लांबीचा नियम आणि जिवंत सापडलेल्यांची सुटका हे असे उपाय आहेत. शेवटचा उपाय जात पाहूनच सुचवावा. नर्स शार्क सुटकेनंतर सहसा जगतो, तर हातोडी शार्क जाळ्यात किंवा गळावर फार लवकर दगावतो आणि त्याच्याबाबतीत तो अडकणारच नाही हे पाहणे एवढाच मार्ग उरतो.

अशा मूल्यमापनाचा आंतरराष्ट्रीय नियमांशी संबंध आहे का?

आहे. धोक्यातील वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात 2013 साली हातोडी शार्कच्या काही जातींचा आणि 2022 साली रिक्विम शार्कच्या संपूर्ण कुळाचा समावेश करण्याचा निर्णय झाला. अशा जातींची उत्पादने निर्यात करताना त्या व्यापारामुळे जातीच्या अस्तित्वाला बाधा येत नाही असा शास्त्रीय निर्वाळा द्यावा लागतो, आणि तुटपुंज्या माहितीवरचे प्रामाणिक मूल्यमापन त्या निर्वाळ्याचा आधार बनू शकते.

उपाय सुरू केल्यावर सुधारणा किती काळाने आणि कशी दिसेल?

मंदगती जातींत प्रौढ मादींची संख्या वाढलेली दिसायला एका पिढीचा, म्हणजे दहा ते वीस किंवा त्याहून अधिक वर्षांचा काळ लागू शकतो. त्याआधीच्या खुणा फसव्या असतात. जन्मस्थानांना संरक्षण मिळून अधिक पिल्ले जगू लागली, तर पहिल्या काही वर्षांत पकडीत लहान मासे वाढतात आणि सरासरी लांबी घटते. केवळ सरासरीकडे पाहणारा उपाय फसल्याचा निष्कर्ष काढील. म्हणून लहान, मध्यम आणि प्रौढ अशा तीन गटांची प्रयत्नामागील पकड स्वतंत्रपणे मांडावी. लहानांचा गट वाढला आणि प्रौढांचा गट स्थिर राहिला, तर ते शुभचिन्ह आहे. लहानांचा गट स्थिर असून प्रौढांचा गट घटत असेल, तर सरासरी लांबी तितकीच घसरलेली दिसूनही अर्थ अगदी उलटा असतो.